घड्याळाचा पट्टा, अर्ध्या बाहीची रेष: फोटोतलं टॅन जुळवताना

टॅन लाईनचा फोटो एडिटिंगला आला की बहुतेक जण काळवंडलेला भाग उजळायला घेतात, हात काळा दिसतोय ना मग हात उजळ करा, इतका सरळ हिशोब. मी म्हणते उलटं करा. घड्याळाखाली, बांगड्यांखाली, चपलेच्या पट्ट्याखाली जो फिकट भाग राहिलाय तो आजूबाजूच्या स्किनइतका गडद करा आणि बाकीचं आहे तसं सोडून द्या.

कारणं सांगते. एक तर फिकट पट्टा असतो दोन बोटांचा आणि टॅन झालेला हात पार कोपरापर्यंत, मग छोटं काम सोडून मोठं कशाला अंगावर घ्यायचं. दुसरं, गडद भाग वर उचलला की त्यातला नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, पण वर येतो, जेपेग असेल तर बारीक चौकोन दिसायला लागतात आणि सावळी स्किन उजळायच्या ऐवजी राखाडी पडते, जीव गेल्यासारखी. फिकट भाग गडद करताना यातलं काही होत नाही, रोमरंध्रं, लव, सुरकुत्या सगळं जागच्या जागी राहतं. आणि तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. त्या माणसाला त्याच्या घरचे रोज त्याच रंगात बघतात. ऊन लागून झालेला असला तरी आत्ता तो त्याचाच रंग आहे. आपल्याला फोटोतला नको तिथे डोळा अडकवणारा पट्टा घालवायचाय, माणूस बदलायचा नाहीये.

ठाण्यात आणि नवी मुंबईत हे काम वर्षभर येतं, कारण इथे ज्याला बघावं तो बाईकवर. घोडबंदर रोडने रोज ये-जा करणारा, ठाणे-बेलापूर रोडने एमआयडीसीत शिफ्टला जाणारा, त्याच्या दंडावर अर्ध्या बाहीची रेष असणारच, मनगटावर घड्याळाची, आणि हेल्मेटमुळे कपाळ फिकट नि नाक-गाल गडद. मुली स्कार्फ बांधून स्कूटीवर जातात त्यांचं वेगळंच, डोळ्यांभोवतीची पट्टी तेवढी गडद आणि खालचा चेहरा फिकट, सनकोट घातला तरी हाताचे पंजे उघडेच राहतात, मग मेंदीच्या क्लोजअपमध्ये बोटं एका रंगाची आणि मनगट दुसऱ्याच. रविवारी सकाळी पाम बीच रोडला सायकल घेऊन जाणारे असतात, त्यांच्या हातावर तर ग्लोव्हजचा पूर्ण नकाशा उमटलेला असतो. आणि पाय कोणी लक्षात घेत नाही पण जोडव्यांचा फोटो काढताना सँडलच्या पट्ट्या अशा उठून दिसतात की जोडवी राहतात बाजूला.

आता यात होतं काय ते थोडं समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे त्वचेत मेलॅनिन जास्त तयार होतं, पट्ट्याने झाकलेल्या जागी होत नाही. पण यात नुसता गडद-फिकटपणा बदलत नाही, रंगही सरकतो. बहुतेक वेळा टॅन झालेली स्किन जास्त पिवळसर-तांबूस असते आणि झाकलेली थोडी गुलाबी किंवा फिक्कट. म्हणून नुसतं बर्न टूल (गडद करणारा ब्रश) फिरवलं की पट्टा गडद होतो खरा पण मळका दिसतो, हात धुतले नाहीत असा. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या दुरुस्त कराव्या लागतात, आधी गडदपणा मग रंग, आणि हा क्रम बदलू नका कारण गडद केल्यावर रंग आपोआप थोडा दाट होतो आणि रंग आधीच लावून बसलात तर तो परत काढावा लागतो.

सुरू करायच्या आधी दोन-तीन गोष्टी बघून घ्या. लॅपटॉपचा नाईट लाईट किंवा डोळ्यांसाठीचा पिवळा फिल्टर बंद आहे ना, नाहीतर तुम्ही स्किन निळी करून ठेवाल आणि कळणार सुद्धा नाही. व्हाईट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसेल असा रंगांचा तोल, आधी रॉ मध्येच (कॅमेऱ्याच्या मूळ फाईलमध्ये) नीट करा, मास्क मारून झाल्यावर नाही. मास्क म्हणजे एडिटचा परिणाम ठरावीक भागापुरता ठेवणारा पडदा. आणि जे दिसतंय ते खरंच टॅन आहे का ते तपासा. उपवनला तलावाच्या कडेला झाडाखाली उभं करून काढलेल्या फोटोत पानांतून आलेला हिरवट उजेड खांद्यावर पडतो, तो टॅन नाही. हिरव्या शालूचा रंग हाताच्या आतल्या बाजूला परतून येतो, तोही टॅन नाही. संध्याकाळी सागर विहारला खाडीच्या बाजूने आडवं ऊन येतं तेव्हा हाताची एक बाजू सोनेरी आणि दुसरी निळसर असणारच, ती मजा घालवू नका. ओळखायचं कसं, तर टॅनची कड वस्तूच्या आकाराची असते, सरळ पट्टा, गळ्याचा व्ही, बांगडीचा गोल. उजेडाची कड हाताच्या गोलाईबरोबर फिरते. चष्म्याचे नाकावरचे दोन खड्डे किंवा इलॅस्टिकचे वळ हे दाबाचे डाग आहेत, ते हीलिंग ब्रशने काढा, त्यांना रंगाचं काहीच करायचं नसतं.

आता एक मनगट घेऊ आणि शेवटपर्यंत नेऊ. नवरदेवाचा हात, घड्याळ काढून ठेवलंय कारण हातात कंकण बांधलंय, आणि कंकणाच्या वर-खाली घड्याळाचा पट्टा फिकट दिसतोय. फोटोशॉप धरून सांगते. ज्यांच्याकडे नाहीये त्यांनी ब्राउझरमध्ये फोटोपी उघडा, फुकट आहे, पीएसडी (फोटोशॉपची लेयरसकट) फाईल उघडते आणि कर्व्हज (उजेड-रंग बदलायची वक्ररेषा), मास्क, ब्लेंड मोड (लेयर खालच्या फोटोत कसा मिसळतो ते) सगळं जवळपास याच नावाने आणि याच जागी सापडतं, कॉलेजच्या पोरांना मी तेच सांगते.

फाईल १६ बिटमध्ये, म्हणजे जास्त छटा साठवणारी, असेल तर उत्तम, कारण मऊ छटांमध्ये ८ बिटला पायऱ्या पडतात. कलर सॅम्पलर टूल घ्या, वर सॅम्पल साईझ ११ बाय ११ ॲव्हरेज करा, एक-एक पिक्सेल मोजलात तर एकदा केस सापडेल आणि एकदा चकाकी. पहिला ठिपका टॅन झालेल्या स्किनवर, दुसरा फिकट पट्ट्यावर, पण दोन्ही अगदी शेजारी आणि हाताच्या त्याच बाजूला ठेवा जिथे उजेड सारखा पडलाय. एक ठिपका वरच्या बाजूला आणि दुसरा सावलीत ठेवलात तर सगळे आकडे खोटे. मग इन्फो पॅनलमध्ये दोन्ही ठिपके लॅबमध्ये वाचायला लावा. लॅबमध्ये एल म्हणजे उजेड, ए वाढला की लालसर, बी वाढला की पिवळसर, बस एवढंच लक्षात ठेवायचं. समजा टॅनवर एल ५०, ए १५, बी २३ आलं आणि पट्ट्यावर एल ५९, ए १३, बी १८. म्हणजे पट्टा फिकट आहे, लाली थोडी कमी आहे आणि पिवळेपणा बराच कमी आहे. डोळ्याला नुसतं पांढरं दिसत होतं ते आता नीट कळलं की काय कमी पडतंय.

कर्व्हज ॲडजस्टमेंट लेयर घाला आणि त्याचा मास्क अजून काळा करू नका, मास्क पांढरा असतो तिथे लेयरचा परिणाम दिसतो आणि काळा असतो तिथे लपतो. कर्व्हच्या मधोमध धरून खाली ओढा. पूर्ण फोटो गडद होईल, होऊ दे, तुमचं लक्ष फक्त इन्फो पॅनलवर. तिथे प्रत्येक ठिपक्याचे दोन आकडे दिसतात, स्लॅशच्या आधीचा जुना आणि नंतरचा नवा. दुसऱ्या ठिपक्याचा नवा एल हा पहिल्या ठिपक्याच्या जुन्या एलजवळ यायला पाहिजे, म्हणजे आपल्या उदाहरणात ५० किंवा ५१. एक-दोनचा फरक राहिला तर चालतो, उलट बरं दिसतं. मग ए आणि बी बघा, गडद केल्यामुळे दोन्ही जरा वाढलेले असतील. बी अजून कमी असेल तर त्याच कर्व्हमध्ये ब्लू चॅनल निवडून मधून किंचित खाली घ्या, पिवळा वाढतो. ए कमी असेल तर ग्रीन किंचित खाली किंवा रेड किंचित वर. किंचित म्हणजे खरंच किंचित, चॅनलला दोन-चार पॉइंट हलवले की खूप होतं. परत एल बघा कारण चॅनल हलवले की तोही थोडा सरकतो. आकडे जुळले की कंट्रोल आय दाबा, मॅकवर कमांड आय, मास्क काळा होईल आणि फोटो परत पहिल्यासारखा.

आता ब्रश. पांढरा रंग, हार्डनेस ०, ओपॅसिटी १००, फ्लो ८ ते १०, साईझ पट्ट्याच्या साधारण अर्धी. पट्ट्याच्या मध्यापासून सुरू करा आणि हळूहळू कडेकडे जा, कडेपासून आत येऊ नका. फ्लो कमी ठेवल्यामुळे एकेका फेरीत थोडं थोडं चढतं, डोळ्यासमोर पट्टा विरत जातो आणि कुठे थांबायचं ते हाताला कळतं. ज्यांच्याकडे पेन टॅबलेट आहे त्यांचं हे काम खूप पटकन होतं पण माऊसनेही होतं, फक्त घाई नको.

या कामाची खरी परीक्षा कडेला असते. पट्टा मधून मस्त जुळतो आणि कडेला एक गडद रेघ तयार होते, कारण ब्रशची मऊ कड टॅन झालेल्या भागावर पण गेली आणि आधीच गडद होतं ते आणखी गडद झालं. लांबून बघितलं तर आधी पांढरा पट्टा होता, आता दोन काळे दोरे बांधलेत. अशा वेळी ब्रश काळा करून, फ्लो ५ ठेवून, फक्त टॅनच्या बाजूने ती रेघ पुसत या. त्याहून चांगला उपाय म्हणजे कड ब्रशने ठरवूच नये, फोटोलाच ठरवू द्यावी. सिलेक्ट मेन्यूत कलर रेंज उघडा, लोकलाइझ्ड कलर क्लस्टर्स टिक करा, पट्ट्यावर क्लिक करा, शिफ्ट धरून अजून दोन-तीन जागी क्लिक करा आणि फझिनेस ३० ते ४० च्या आसपास ठेवून प्रिव्ह्यूमध्ये फक्त पट्टा पांढरा दिसेपर्यंत हलवा. हे सिलेक्शन घेऊन त्याच्या आतच ब्रश मारा. नंतर मास्कच्या प्रॉपर्टीजमध्ये फेदर, म्हणजे कडेचा मऊपणा, थोडं वाढवा, मोठ्या फाईलला ५-१० पिक्सेल, व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोला १-२ सुद्धा पुरे. खऱ्या टॅनची कड पण चाकूने कापल्यासारखी नसते, घड्याळ हातावर सरकत असतं म्हणून काही मिलिमीटर मऊ असते, तेवढी मऊ ठेवली की झालं.

हातावर लव असेल किंवा मेंदी असेल तर अजून एक गोष्ट करावी लागते. कर्व्हज लेयर मेंदीच्या रेषांना पण गडद करतो आणि पट्ट्यातली मेंदी बाकीच्या मेंदीपेक्षा काळी दिसते. कर्व्हज लेयरवर डबल क्लिक करून ब्लेंडिंग ऑप्शन्स उघडा, खाली ब्लेंड इफ मध्ये अंडरलाइंग लेयरचा काळा स्लायडर उजवीकडे न्या, मग ऑल्ट धरून त्याचे दोन तुकडे करा आणि उजवा तुकडा अजून लांब न्या. म्हणजे जे आधीच गडद आहे त्याला हा लेयर हात लावणार नाही आणि मधल्या छटांमध्ये हळूहळू लागू होईल. आकडा फोटोप्रमाणे बदलतो, मेंदीच्या रेषा परत पहिल्यासारख्या दिसल्या की थांबा. बारीक जाळीची मेंदी असेल तर याच्याशिवाय पर्याय नाही, एकेका चौकटीत ब्रश मारत कोण बसणार.

एवढं करून रंगात थोडा फरक राहिलाच तर एक रिकामा लेयर घ्या, ब्लेंड मोड कलर, ब्रश घेऊन ऑल्ट दाबून शेजारच्या टॅन स्किनचा रंग उचला, फ्लो ५ ने पट्ट्यावर फिरवा आणि लेयरची ओपॅसिटी ३०-४० वर आणा. पूर्ण ओपॅसिटीला ठेवलं तर सगळा पट्टा एकाच रंगाचा होतो, खऱ्या स्किनमध्ये कधीच एकच रंग नसतो, जरा लाल, जरा पिवळं, शिरेवर जरा हिरवट, ते सगळं मरतं.

तपासायला माझी आवडती पद्धत ही. सगळ्यात वर ५० टक्के ग्रेचा सॉलिड कलर लेयर घाला आणि ब्लेंड मोड कलर करा, फोटो ब्लॅक अँड व्हाईट दिसेल. आता पट्टा दिसतोय का? दिसला तर गडदपणा जुळलेला नाही. त्याच लेयरचा ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी करा, आता फक्त रंग दिसतील, उजेड-सावली सगळी गायब. इथे पट्टा दिसला तर रंग जुळलेला नाही. यात चुका इतक्या स्पष्ट दिसतात की अंदाज करत बसायला लागत नाही. बघून झालं की लेयर बंद करा, एक्स्पोर्ट करताना चालू राहिला तर क्लायंटला विचित्र फोटो जाईल. मग पूर्ण फोटो २५ टक्क्यांवर लहान करून बघा. १०० टक्क्यांवर मनगटाकडे बघत कोणी अल्बम बघत नाही, लांबून पट्टा दिसत नसेल तर काम झालं.

पायांचं सगळं असंच, फक्त तिथे पट्टे जास्त आणि एकमेकांना छेदणारे. एकच कर्व्हज सगळ्यांना पुरत नाही कारण अंगठ्याजवळचा भाग आणि घोट्याजवळचा भाग यांचं टॅन वेगळं असतं, दोन लेयर करा. टाचेच्या आणि तळव्याच्या कडेला मास्क नेऊ नका, तिथे स्किन मुळातच फिकट असते आणि ती तशीच बरोबर दिसते. आळता लावलेला असेल तर लाल रंगाशेजारचा ठिपका घेऊ नका, आकडे बिघडतात.

अर्ध्या बाहीची रेष हे मात्र वेगळं प्रकरण. हळदीला नवरदेव बंडीवर बसतो, किंवा नवरी रिसेप्शनला स्लीव्हलेस घालते, आणि दंडाच्या मध्यावर एक कड दिसते, खाली गडद वर फिकट, दोन्ही भाग मोठे. इथे एक भाग पूर्ण दुसऱ्यासारखा करायच्या भानगडीत पडू नका. डोळा कडेला पकडतो, सावकाश बदलणाऱ्या रंगाला पकडत नाही. खांदा आणि मनगट यांच्यात फरक सगळ्यांचाच असतो. म्हणून कर्व्हज वर सांगितल्याप्रमाणेच जुळवा पण मास्कमध्ये ब्रशऐवजी ग्रेडियंट टूल घ्या आणि हाताच्या लांबीच्या दिशेने असं ओढा की रेषेला लागून पूर्ण परिणाम असेल आणि खांद्यापर्यंत जाता जाता शून्य होईल. मग रेषेच्या खालून ब्रशने काळं करून टॅनचा भाग मोकळा करा. फरक फारच मोठा असेल तर मी इथे थोडा अपवाद करते, रेषेच्या खालच्या चार बोटांना दुसऱ्या कर्व्हजने अगदी हलकं उचलते आणि कोपरापर्यंत विरवून टाकते, बहुतांश काम तरी वरच्या बाजूलाच. आणि हळद लागलेल्या जागचे आकडे घेऊ नका, ती पिवळी हळद आहे, स्किन नाही. हळदीचा फोटो पिवळा दिसायलाच पाहिजे.

चेहऱ्यावर हात आखडता घ्या. स्कार्फची पट्टी किंवा हेल्मेटची कपाळावरची रेष मी कधीच पूर्ण काढत नाही, लेयर ५०-६० टक्क्यांवर ठेवते. चेहऱ्यावरचे गडद-फिकट भाग हे चेहऱ्याचा आकार पण दाखवत असतात, सगळं सपाट केलं की नाक-गाल एकच दिसायला लागतात आणि माणूस ओळखू येत नाही. तीळ, जन्मखूण, जुना व्रण याला विचारल्याशिवाय हात नाही. नवरीच्या बाबतीत अजून एक, मेकअपचा बेस चेहऱ्याला एक-दोन शेड उजळ लावलेला असतो आणि मान तशीच राहते. तेव्हा सगळं अंग चेहऱ्याला जुळवायला जाऊ नका, ते संपतच नाही, आधी मान मग गळा मग हात मग पाठ. हनुवटीच्या खालून गळ्यापर्यंत एक हलका ग्रेडियंट द्या आणि हातांना त्यांच्या रंगात राहू द्या. फोटोग्राफरने आधीच मेकअपवाल्या ताईंना सांगितलं की मानेला, पाठीला, हातालाही थोडा बेस लावा, आणि तोही हाताच्याच शेडचा, तर आपलं निम्मं काम वाचतं.

लाईटरूमवाल्यांसाठी, ऑक्टोबर २०२२ पासून मास्किंगमध्ये सिलेक्ट पीपल आलंय, त्यात बॉडी स्किन वेगळी निवडता येते. पण ती सगळीच स्किन निवडते, आपल्याला पट्टा पाहिजे. म्हणून मी ब्रश मास्क घेते, फेदर १००, फ्लो २०-३०, ऑटो मास्क बंद, पट्ट्यावर ढोबळ फिरवते आणि मग त्याच मास्कला इंटरसेक्ट करून कलर रेंज लावते, पट्ट्याचा रंग उचलते, उरलेलं आपोआप सुटतं. एक्स्पोजर वजा ०.३० पासून सुरू करा, टेंपरेचर थोडं पिवळ्याकडे, सॅच्युरेशन गरज वाटली तरच. सोशल मीडियाच्या फोटोंना एवढं भरपूर झालं. कॅप्चर वन वापरत असाल तर कलर एडिटरमध्ये स्किन टोन टॅब आहे, हाताचा मास्क असलेल्या लेयरवर टॅनचा रंग उचला आणि युनिफॉर्मिटीचे स्लायडर थोडे थोडे वाढवा. थोडे म्हणतेय ते मनापासून म्हणतेय, पूर्ण वाढवले की हात मेणाचा होतो.

फोनवर स्नॅपसीडमध्ये पण होतं. कर्व्हजने पूर्ण फोटो पट्ट्यापुरता गडद करा, मग व्ह्यू एडिट्समध्ये जाऊन त्या स्टेपचा ब्रश उघडा आणि फक्त पट्ट्यावर बोट फिरवा, झूम करून. ब्युटीवाल्या ॲप्सचं एका टॅपचं बटण मात्र वापरू नका, ते पट्टा काढत नाही, सगळ्यांनाच गोरं आणि गुळगुळीत करतं. जनरेटिव्ह फिलने, म्हणजे एआयकडून, मनगट नवीन बनवून घेणारेही बघितलेत, त्यात लव वेगळी, शिरा वेगळ्या, आणि कंकणाचा दोरा भलतीकडेच वळतो. जी स्किन फोटोत आधीच आहे ती फेकून दुसरी कशाला बनवायची.

फ्रिक्वेन्सी सेपरेशनबद्दल, म्हणजे स्किनचा पोत एका लेयरवर आणि रंग-उजेड दुसऱ्यावर वेगळे काढण्याबद्दल, सगळे विचारतात. टॅन लाईनला बहुतेक वेळा त्याची गरज नाही. कड फारच कडक असेल आणि कर्व्हजनंतरही एक पुसट रेघ उरत असेल तेव्हाच. लेयरच्या दोन कॉप्या, खालच्या कॉपीला गॉशियन ब्लर रोमरंध्रं दिसेनाशी होईपर्यंत, वरच्या कॉपीवर अप्लाय इमेज, लेयरमध्ये खालची कॉपी निवडायची. ८ बिटला सबट्रॅक्ट, स्केल २, ऑफसेट १२८. १६ बिटला ॲड, इन्व्हर्ट टिक, स्केल २, ऑफसेट ०. मग वरचा लेयर लिनियर लाईट. आता खालच्या लेयरवर लॅसोने ती रेघ निवडा, १५-२० पिक्सेल फेदर द्या आणि गॉशियन ब्लरने ती विरवा. फक्त रेघ. पूर्ण हात नाही.

क्लायंटशी बोलणं हा पण याच कामाचा भाग आहे. "ताई, हात थोडे गोरे करा ना" हे वाक्य येतंच, आणि खूपदा ते नवरीचं नसतं, मावशीचं नाहीतर आत्याचं असतं. मी वाद घालत नाही. आधी पट्टे जुळवून एक फोटो पाठवते आणि फक्त नवरीला विचारते, कसा वाटतोय. पट्टे गेले की बहुतेक वेळा गोरं करायचा विषय निघतच नाही कारण खुपत होता तो विसंगतपणा, रंग नाही. आपल्याकडे जाहिरातींमध्ये सुद्धा सावळ्या रंगाला कमी लेखू नये म्हणून ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०१४ साली नियम केले. मग एखाद्या मुलीच्या स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्ये तिचा रंग तिला न विचारता आपण का बदलायचा? तिने स्वतः सांगितलं तर तिची मर्जी, पण तेव्हाही मी चेहरा आणि हात एकत्र, अगदी थोडे उचलते आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवते.

शेवटी अल्बमचं गणित. तेच मनगट, तोच पट्टा पुढच्या कित्येक फोटोंमध्ये येणार आहे आणि एका फोटोत पट्टा नाही नि शेजारच्या फोटोत आहे असं पान फार वाईट दिसतं. म्हणून आधी पूर्ण सिलेक्शन चाळा आणि हात-पाय ठळक दिसणारे फोटो वेगळे काढा. एकाच जागी, एकाच लाईटमध्ये काढलेल्या फोटोंना तोच कर्व्हज लेयर ड्रॅग करून टाका, मास्क नवीन मारा, आकडे एकदा तपासा. मंडपातले पिवळे दिवे आणि डीजेचे जांभळे एलईडी यांच्यासाठी वेगळे कर्व्हज लागतील, आणि जांभळ्या लाईटमध्ये टॅन तसंही फारसं कळत नाही, ते फोटो सोडून द्या. लांबून काढलेल्या ग्रुप फोटोतही वेळ घालवू नका. लेयरवाली पीएसडी अल्बम छापून हातात येईपर्यंत डिलीट करू नका, छपाईच्या लॅबमधून एक ट्रायल प्रिंट काढून बघा कारण स्क्रीनपेक्षा कागदावर सगळं जरा गडद येतं आणि जुळवलेला पट्टा तिथे जास्त गडद वाटू शकतो, तसं वाटलं तर कर्व्हज लेयरची ओपॅसिटी ८०-८५ वर आणली की पुरतं. फोनवर पाठवायच्या कॉप्या एसआरजीबी या स्क्रीनसाठीच्या नेहमीच्या कलर प्रोफाइलमध्ये काढा आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून टाका, साधा फोटो म्हणून टाकला तर तो दाबला जातो आणि इतकी मेहनत घेऊन मऊ केलेल्या कडेला परत पायऱ्या पडतात.